आरोप, चौकशी आणि ज्ञातिधर्म

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाने आम्हांस केली, तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. एखादा सोयीचा विषय घेऊन अर्धा तास गोड बोलणे कठीण नव्हते. परंतु उद्या सकाळी सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीची जी सूचना यावयाची आहे, तिच्याविषयी मंडपात, पंगतीत आणि मोबाइलवरील ज्ञातिगटांत जे बोलणे चालले आहे ते कानांवर आल्यानंतर गोड बोलण्याची इच्छा उरली नाही. सूचना आपण सर्वांनी वाचलीच असेल. ज्या सभासदावर लाचलुचपत, अफरातफर अथवा तत्सम गुन्ह्याची पोलिसांत नोंद होईल, त्याचे सभासदत्व नोंदीच्या तारखेपासून आपोआप संपुष्टात यावे, आणि त्याच्या मुलामुलींस संस्थेची शिष्यवृत्ती व वसतिगृहातील जागा मिळू नये, असा तिचा आशय आहे.

सूचना मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. आपल्या ज्ञातीत शेतीवाडी थोड्यांची, व्यापार त्याहून थोड्यांचा. तलाठ्याच्या सज्जापासून मंत्रालयापर्यंत आणि शाळाखात्यापासून पाटबंधाऱ्यापर्यंत सरकारी नोकरीवरच आपली बहुसंख्य घरे उभी राहिली. तेव्हा एकाचे नाव वर्तमानपत्रात आले की सर्वांची मान खाली जाते, आणि ‘आम्ही असल्यांस थारा देत नाही’ असे जगास ओरडून सांगावेसे वाटते. हे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वाक्याने आपण जगापुढे आपली अब्रू राखू पाहतो, त्याच वाक्याने आपल्यातील एखाद्या निरपराध घराची राखरांगोळी होणार नाही ना, एवढे पाहणे ज्येष्ठांचे काम आहे, आणि आम्ही ते आज करणार आहो.

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. ‘अपराधी’ म्हणजे ज्याचा अपराध शाबीत झाला तो. मराठीत हे दोन शब्द निरनिराळे आहेत. पण सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडताना आपण पहिला वाचतो आणि दुसरा समजतो. अमका ‘जाळ्यात सापडला’ असे छापले की त्याचा न्यायनिवाडा झाला. वास्तविक फौजदारी प्रकरणात पोलिसांतील नोंद ही अगदी पहिली पायरी होय. तीनंतर तपास व्हावयाचा, सक्षम अधिकाऱ्याची खटल्यास मंजुरी मिळावयाची, दोषारोपपत्र दाखल व्हावयाचे, न्यायाधीशाने आरोप निश्चित करावयाचे, साक्षीपुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद व्हावयाचे, आणि मग निकाल. नोंद म्हणजे कोणीतरी काही सांगितले आणि पोलिसांनी ते लिहून घेतले, इतकेच. आपली सूचना या पहिल्या पायरीवरच फाशी देऊ पाहते.

या विषयावर परदेशी ग्रंथांतील वचने पुष्कळ सांगता येतील. शंभर अपराधी सुटले तरी चालतील इत्यादी वाक्य तर वकीलमंडळींनी इतके झिजविले आहे की, दाखल्यासाठी कचेरीत आठ-आठ हेलपाटे घातलेल्या माणसास ते ऐकून संतापच यावा. आम्ही आपणांस घरचीच एक गोष्ट सांगतो.

१८८१ साली पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर अल्पवयीन चौथे शिवाजी महाराज होते. त्यांस वेडे ठरवून त्यांचे हाल केले जात आहेत अशी कुजबुज सर्वत्र होती, आणि लोकांचा रोष संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर होता. बर्वे यांनी महाराजांविरुद्ध कारस्थान केल्याचे दर्शविणारी काही पत्रे म्हणून पुढे आली. त्यांवर विश्वास ठेवून टिळक आणि आगरकर यांनी आपल्या पत्रांतून कारभाऱ्यांवर कडक टीका केली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांसही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली, आणि सूट मिळून ऑक्टोबरात ते डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुढे पुस्तकच लिहिले, हे आपणांस ठाऊक आहे.

ही गोष्ट आपण आजवर टिळक-आगरकरांच्या बाजूनेच ऐकत आलो, आणि ते योग्यही आहे. त्यांचा हेतू निर्मळ होता व त्यांनी शिक्षा धैर्याने भोगली. पण क्षणभर बर्व्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. आरोप करणारे कोणी भुरटे नव्हते. महाराष्ट्रातील अत्यंत बुद्धिमान आणि निःस्वार्थी तरुण होते. लोक त्यांच्या बाजूचे. तुरुंगातून सुटल्यावर त्यांचा सत्कार झाला, आणि ज्याच्यावर खोट्या कागदांच्या आधारे आरोप झाला तो कारभारी न्यायालयात जिंकूनही लोकांच्या मनात हरलेलाच राहिला. आज त्याचे नाव घेतले तर या सभागृहात किती जणांस ओळख पटेल?

आणि येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराजांविषयी लोकांस वाटणारी काळजी निराधार नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगर येथे, त्यांच्यावर नेमलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. म्हणजे संशयास कारण होते. परंतु संशयास कारण असणे निराळे, आणि अमक्या इसमाने अमके कृत्य केले हे शाबीत होणे निराळे. या दोहोंमधील अंतर चालून जाण्यासाठीच चौकशी असते. संताप कितीही न्याय्य असला तरी त्याने हे अंतर तुटत नाही.

याच प्रकरणातील एक लहानसा प्रसंग आम्हांस फार मोलाचा वाटतो. संपादकांस जामीन हवा होता. तेव्हा जोतीराव फुल्यांच्या वर्तुळातील, सत्यशोधक समाजाचे रामशेट उरवणे हे जामीन राहिले. फुल्यांचे आणि टिळकांचे मत किती बाबतींत जुळत होते हे आम्ही सांगावयास नको. ज्याने जामीन दिला त्याने ‘हे निर्दोष आहेत’ असा निकाल दिला नाही, आणि त्यांच्या सर्व मतांवर सहीही केली नाही. खटला चालेपर्यंत माणसाने माणसासारखे राहावे एवढ्यासाठी त्याने आपला पैसा आणि नाव पणास लावले. आरोपीच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे त्याच्या कृत्याच्या पाठीशी उभे राहणे नव्हे, हे ज्यांस पटत नाही त्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

पुढे सहा-सात वर्षांनी क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. हे क्रॉफर्डसाहेब म्हणजे ज्यांच्या नावाचे मार्केट मुंबईस होते तेच; त्या मार्केटास आता महात्मा फुल्यांचे नाव आहे. १८८८ साली मध्य विभागाचे कमिशनर असताना, मामलतदारांकडून नेमणुका व बदल्यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर आला. साहेबांच्या चौकशीस तीन सदस्यांचे स्वतंत्र कमिशन बसले. लाचेचे आरोप कमिशनला शाबीत वाटले नाहीत. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे काढल्याबद्दल मात्र त्यांस नोकरीतून जावे लागले. आणि मामलतदार? साक्ष द्या, तुम्हांस धक्का लागणार नाही, असे सरकारने त्यांस अभय दिले होते. त्यांनी साक्षी दिल्या, स्वतःच्या तोंडाने पैसे दिल्याचे कबूल केले. आणि मग विलायतेत ओरड होताच, दिलेला शब्द बाजूस ठेवून त्यांपैकी काहींस घरी पाठविण्यात आले. १८८९ साली पुण्यात त्यांच्या बाजूने सभा झाली व टिळक तीत पुढे होते. ज्याने सात वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्यावर तुटून पडण्याचे फळ भोगले होते, तोच पुरुष या वेळी लहान अधिकाऱ्यांस दिलेले वचन पाळा म्हणून उभा राहिला. पैसे देऊन बदली मिळविणे चांगले, असे त्याचे मत होते काय? मुळीच नव्हे. त्याचे म्हणणे एवढेच होते की, सरकारने ज्या रीतीने वागण्याचे कबूल केले त्या रीतीने वागावे.

रीत हा शब्द आपल्या बायकांस आपल्यापेक्षा अधिक कळतो. लग्नात रीत चुकली तर त्या मंडप डोक्यावर घेतात. न्यायातही रीतच बहुतेक सर्व काही असते.

स्वातंत्र्यानंतर ही रीत आपण घटनेत लिहून ठेवली. कलम ३११ असे सांगते की, सरकारी नोकरास त्याची नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये. आणि चौकशी करून, आरोप काय आहेत ते कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून कोणास बडतर्फ करू नये, काढू नये वा खालच्या पदावर उतरवू नये. यास अपवाद आहेत. फौजदारी न्यायालयात शिक्षा झाली असेल, चौकशी करणे व्यवहार्यच नसेल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर चौकशी टाळता येते. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद उचलूनही धरले. १९७६ च्या घटनादुरुस्तीने, शिक्षा ठरविताना पुनः विचारण्याची जी दुसरी संधी होती तीही गेली. सांगावयाचे ते हे की, कायदा नोकरास डोळे मिटून पाठीशी घालीत नाही. पण ‘तुझ्यावर काय आरोप आहे ते ऐक, आणि तुला काय सांगावयाचे ते सांग’ हे दोन शब्द तो सहसा सोडीत नाही.

आम्ही स्वतः नोकरीतील पुष्कळ वर्षे खातेनिहाय चौकशीच्या कागदांत घालविली. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे आम्ही आमच्या हाताने शेकडो वेळा लिहिले. नियमाप्रमाणे ते खरेच आहे. नोकर अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ कोठडीत राहिला तर तो निलंबित झाला असे मानतात. कागदपत्रांत व साक्षीदारांत त्याने ढवळाढवळ करू नये, एवढाच हेतू. या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, तो प्रारंभी सुमारे निम्म्या पगाराइतका. पण ज्या घरात निम्मा पगार येऊ लागतो, ज्या घराच्या दारावरून शेजारी मान फिरवून जातात, त्या घरास हा नियम वाचून दाखवा आणि मग त्यांचे उत्तर ऐका.

कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याची हकीगत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. १९८५ साली त्याच्या घरावर छापा पडला आणि साडेचार ग्रॅमचा सोन्याचा गोळा व काही सुवर्णयुक्त वाळू सापडल्याचा आरोप झाला. त्यास निलंबित केले. एकीकडे खटला, दुसरीकडे त्याच आरोपावर खातेनिहाय चौकशी. निर्वाह भत्ता मिळाला नाही. पैशांअभावी त्यास चौकशीस जाता येईना. त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकली आणि जून १९८६ मध्ये तो बडतर्फ झाला. पुढल्याच फेब्रुवारीत न्यायालयाने त्यास निर्दोष सोडले. छाप्याची हकीगतच शाबीत झाली नाही. पण बडतर्फी कायम. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली तो दिवस मार्च १९९९ मधील होता. छाप्यापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे! त्या चौदा वर्षांत त्याच्या मुलाबाळांच्या शाळेचे काय झाले, हे निकालपत्रात नाही, आणि असणारही नाही.

आपल्या राज्याचाही एक नमुना सांगतो. पूर्वी मुंबईच्या सेवानियमांत अशी तरतूद होती की, निलंबित नोकरास खालच्या न्यायालयात शिक्षा झाली की अपील चालू असले तरी त्याचा निर्वाह भत्ता महिना एक रुपया करावा. एक रुपया! १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य म्हणून रद्द केली. ध्यानात घ्या, त्या माणसास शिक्षा झालेली होती. तरीसुद्धा, अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याने जगावे, असे न्यायालयास वाटले. आणि आपण, ज्याच्यावर केवळ नोंद झाली आहे त्याच्या मुलीची वसतिगृहातील खाट काढून घेणार!

कोणी म्हणेल, हे सर्व लहान माणसांचे झाले. मोठे अधिकारी, मंत्री यांस या रीतीची काय गरज? गरज त्यांसही आहे, आणि ती नाकारली तर खालच्यांचीही जाते. बॅरिस्टर अंतुले यांच्या प्रकरणाचे स्मरण द्यावेसे वाटते. त्यांचे मुख्यमंत्रिपद १९८२ च्या जानेवारीत गेले, खटला सुरू झाला, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने खटला लवकर निकालात निघावा या सद्हेतूने तो विशेष न्यायाधीशाकडून काढून हायकोर्टाकडे सोपविला. वरवर पाहता यात वावगे काय? पण कायद्याने असे खटले विशेष न्यायाधीशानेच चालवावयाचे होते. हायकोर्टातच खटला चालल्याने आरोपीचा हायकोर्टाकडील अपिलाचा हक्क बुडत होता. १९८८ साली त्याच न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने आपलाच पूर्वीचा आदेश चुकीचा ठरविला. देशातील सर्वांत मोठे न्यायालय आपला आदेश मागे घेते, तेही लोकांच्या रोषास पात्र झालेल्या एका राजकारणी पुरुषासाठी! त्या गृहस्थांविषयी आपले मत काहीही असो. आमचेही एक आहे, ते आम्ही येथे सांगणार नाही, कारण या प्रश्नात त्याचा संबंध नाही.

आता आक्षेपाकडे वळू. सूचनेच्या एका पुरस्कर्त्यांनी काल आम्हांस विचारले, ‘मग लाचखाऊ सुटतच राहणार काय?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही ज्या कचेऱ्यांत बसलो तेथे खाणारे नव्हते असे आम्ही कधीच म्हणणार नाही. परंतु कायदा त्यांच्याविषयी भोळा नाही. लाच मागितली व स्वीकारली हे फिर्यादपक्षाने शाबीत केले की, ती रक्कम गैरहेतूनेच घेतली असे गृहीत धरले जाते, आणि तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. डिसेंबर २०२२ मध्ये घटनापीठाने हेही सांगितले की, तक्रारदार मरण पावला वा उलटला तरी परिस्थितिजन्य पुराव्याने मागणी सिद्ध करता येते. खात्याच्या चौकशीत तर फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावाही लागत नाही. शक्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे निर्णय होतो. म्हणजे दोषी सुटतो तो रीतीमुळे सुटतो असे नव्हे. बहुधा तो सुटतो तपास ढिला झाल्यामुळे, मंजुरीचा कागद टेबलाखाली पडून राहिल्यामुळे, साक्षीदार विकला गेल्यामुळे. त्याचा राग आपण चौकशीच्या हक्कावर काढणे म्हणजे वैद्य उशिरा आला म्हणून औषधाची बाटली फोडण्यासारखे आहे.

आणि खोट्या तक्रारी होतच नाहीत काय? आपल्याच ज्ञातीतील एका अव्वल कारकुनाची हकीगत येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. नाव, गाव आम्ही सांगत नाही. वाळूच्या व्यवहारात एकाचे वजन त्याने मानले नाही. काही महिन्यांत त्याच्या खणात नोटा सापडल्या. मुलीचे ठरलेले लग्न आठवड्याच्या आत मोडले, आणि मोडणारे घर आपल्याच ज्ञातीतले होते. सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला. त्याच्या सुटकेची बातमी आम्ही कोणत्याही वर्तमानपत्रात वाचली नाही. त्याने स्वतः निकालाची नक्कल घेऊन घरोघर दाखविली. तोवर त्याची पत्नी वारली होती. मुलीने पुढे लग्न केलेच नाही. ती आज एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्याध्यापिका आहे व संस्थेस दरवर्षी देणगी पाठविते. उद्याची सूचना तेव्हा अमलात असती तर तिची शिष्यवृत्तीही गेली असती, कारण ती त्या वेळी आपल्याच वसतिगृहात होती. तेव्हाच्या कार्यवाहांनी कोणास न विचारता तिची जागा ठेवली, त्याबद्दल त्यांस मंडळाच्या बैठकीत बोलणी खावी लागली, असे आम्हांस पक्के स्मरते.

यावर आमचे म्हणणे असे नाही की संस्थेने काहीच करू नये. जेथे दुसऱ्यांच्या पैशाचा व विश्वासाचा प्रश्न आहे तेथे सावधगिरी हवीच. ज्याच्यावर न्यायालयात दोषारोपपत्र दाखल झाले आहे, त्याने खजिनदारीवरून, विश्वस्तपदावरून आणि शिष्यवृत्ती वाटपाच्या समितीवरून निकाल लागेपर्यंत दूर राहावे. हा त्याचा अपमान नव्हे, आणि तो शहाणा असेल तर आपण होऊनच दूर होईल. पण सभासदत्व ही निराळी वस्तू आहे. ते काढावयाचे तर शिक्षा झाल्यावर, आणि तेव्हाही त्यास लेखी कळवून, समक्ष बोलावून, त्याचे ऐकून घेऊन. मुलांचा तर या कलमात उल्लेखच नको. बापास शिक्षा झाली तरी नको.

दुरुस्तीस आमची उपसूचना आम्ही कार्यवाहांकडे आजच दुपारी लेखी दिली आहे. ‘गुन्ह्याची नोंद होईल’ या शब्दांच्या जागी ‘न्यायालयात दोष सिद्ध होईल’ हे शब्द घालावेत, ‘आपोआप’ हा शब्द गाळावा, आणि शेवटचे वाक्य पूर्णपणे काढून टाकावे, एवढीच ती आहे. तीस अनुमोदक हवा आहे. सभा सकाळी साडेनऊस सुरू होईल. घटनादुरुस्तीचा विषय तिसरा आहे, आणि मागील वर्षाप्रमाणे हिशेबावरच अकरा वाजले तर तो घाईघाईने हात वर करून संमत होण्याचा संभव आहे. म्हणून ज्या भगिनींस सकाळी स्वयंपाकघराची व्यवस्था पाहावयाची आहे त्यांनीही मतदानापुरते वर यावे, अशी आमची विनंती आहे. सभासदांच्या यादीत त्यांचीही नावे आहेत.